टॅरोमधले सोळा दरबारी: आधी चित्र पाहा, मग माणूस शोधा

टॅरो शिकायला घेतलेल्या वाचकांचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण अडतात एकाच ठिकाणी. ‘थ्री ऑफ स्वोर्ड्स निघाला की समजतं, हृदयात तीन तलवारी रुतलेल्या दिसतात. पण किंग ऑफ कप्स निघाला तर तो कोण समजायचा? वडील? ऑफिसातले साहेब? मी स्वतः? की अजून भेटायचाच आहे असा कुणी?’ पुस्तक उघडावं तर एका ठिकाणी ‘उदार पुरुष’, दुसऱ्या ठिकाणी ‘भावनांवर ताबा’, तिसऱ्या ठिकाणी ‘वकील किंवा व्यापारी’. तिन्ही वाचून गोंधळ वाढतोच.

हा गोंधळ टाळून पुढे जाता येत नाही. ७८ पत्त्यांच्या डेकमध्ये कोर्ट कार्ड, म्हणजे दरबारी पत्ते, १६ असतात, म्हणजे जवळजवळ पाचातला एक पत्ता. नुसते तीन पत्ते काढले, तरी त्यांत किमान एक कोर्ट कार्ड असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. दहा पत्त्यांच्या मांडणीत सरासरी दोन येतात.

आणखी एका कारणासाठी हा विषय सविस्तर घ्यावासा वाटला. ‘पत्त्यात एक सावळी बाई दिसते, तिच्यापासून जपा’ असं कुणी सांगतं आणि घरातल्या एखाद्या जावेकडे, नणंदेकडे, शेजारणीकडे संशयाने बघणं सुरू होतं. मध्य प्रदेशात जबलपूर-बरगीकडे असो की पुण्या-नाशकात, नाती अशा वाक्यांनी बिघडतात आणि ज्या बाईवर ठपका येतो तिला त्याचं कारणही कळत नाही. पत्त्यांना भविष्य कळतं याला काहीही पुरावा नाही. स्वतःच्या मनातला गुंता समोर मांडून पाहण्यासाठी मात्र ही चित्रं चांगली उपयोगी पडतात. या लेखात कोर्ट कार्डांकडे त्याच नजरेनं पाहायचं आहे: ‘कोण?’ हा प्रश्न मागे ठेवायचा आणि ‘कसं वागतंय?’ हा पुढे घ्यायचा.

आधी तुमचा डेक कोणता ते पाहा

निम्मा गोंधळ इथेच मिटतो. डेक एका परंपरेचा आणि पुस्तक दुसऱ्याच परंपरेचं, असं फार वेळा घडतं.

- रायडर-वेट-स्मिथ: लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनानं १९०९ मध्ये काढलेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक डेक हेच किंवा याच्यावरून केलेले असतात. यात चढता क्रम पेज, नाइट, क्वीन, किंग.
- मार्सेय: जुनी फ्रेंच पद्धत. दरबारी तेच चार, पण चित्रं साधी. मागे देखावा जवळजवळ नसतो. देखाव्यावरून अर्थ सांगणारं पुस्तक या डेकला लावू नका.
- थॉथ: अ‍ॅलिस्टर क्रोली आणि चित्रकार फ्रीडा हॅरिस यांचा. यात नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असे दरबारी आहेत. घोड्यावरचा नाइट इथे सर्वांत वरचा, प्रिन्स रथात, प्रिन्सेस पायी. रायडर-वेटमध्ये नाइट म्हणजे अजून राज्य न मिळालेला स्वार, तर थॉथमध्ये तोच घरचा कर्ता. नाव एक, हुद्दा वेगळा.

पुढचं सगळं रायडर-वेट-स्मिथ धरून लिहिलं आहे. विकत घेताना दोन गोष्टी तपासा. पत्ते ७८ आहेत का ते मोजा, आणि किंग ऑफ वाँड्सच्या पायाशी छोटासा काळा सॅलमँडर (पालीसारखा प्राणी) दिसतो का ते बघा. स्वस्त नकलांमध्ये छपाई इतकी गढूळ असते की सॅलमँडर, फुलपाखरं, दूरचं जहाज असले तपशील गायबच होतात, आणि कोर्ट कार्डं नेमकी याच तपशिलांवर चालतात. ‘पहिला डेक कुणीतरी भेट द्यावा लागतो’ या समजुतीला काही आधार नाही, खुशाल स्वतः घ्या.

घरातल्या नेहमीच्या पत्त्यांशी ताळा असा: कप्स म्हणजे बदाम, स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक, वाँड्स म्हणजे किलवर, पेंटॅकल्स म्हणजे चौकट. पेज म्हणजे साधारण आपला गुलाम. नाइट मात्र आपल्या ५२ पत्त्यांत नाही, म्हणून टॅरो शिकणाऱ्या मराठी माणसाला तोच सर्वांत परका वाटतो. सुरुवात त्याच्यापासूनच करू.

चार घोडे

पुस्तक मिटून ठेवा. चारही नाइट एका ओळीत मांडा आणि स्वाराकडे न बघता फक्त घोड्याचे पाय बघा.

नाइट ऑफ वाँड्सचा तांबूस घोडा पुढचे पाय उचलून उभा झालाय. मागे वाळवंट आणि पिरॅमिड, शिरस्त्राणावरचे तुरे ज्वाळांसारखे, अंगरख्यावर सॅलमँडर. जोर भरपूर आहे, पण घोडा अजून पुढे सरकलेला नाही, हे नीट पाहा. नवा धंदा काढायचा म्हणून दुकानाची पाटी रंगवून घेतली आणि भांडवलाचा पत्ता नाही, तशी ही अवस्था.

नाइट ऑफ कप्सचा घोडा पाऊल मोजत चालतोय. स्वाराच्या शिरस्त्राणाला आणि टाचांना पंख आहेत, पण घाई कुठेच नाही. कप पुढे धरलाय, जणू काही देऊ करतोय. समोर नदी आहे. हा प्रस्ताव घेऊन येणारा, मन वळवणारा. देऊ केलेलं निभावणार का, हे चित्र सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका.

नाइट ऑफ स्वोर्ड्सचा घोडा चौखूर उधळलाय. ढग फाटलेत, झाडं वाऱ्यानं वाकलीत, तलवार डोक्यावर उगारलेली. चित्रात शत्रू मात्र दिसत नाही. रागाच्या भरात मेसेज टाइप करून ‘पाठवा’वर बोट नेणाऱ्या माणसाला हा पत्ता लगेच ओळखू येईल.

नाइट ऑफ पेंटॅकल्सचा काळा घोडा चारही पाय टेकून उभा आहे. मागे नांगरलेलं शेत. स्वार हातातल्या नाण्याच्या पलीकडे बघत थांबलाय. याला बरीच पुस्तकं ‘कंटाळवाणा’ म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. नांगरट झाल्यावर पाऊस पडेपर्यंत थांबावं लागतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. हा थांबलाय तो काम झाल्यानंतर.

एवढं पाहिलंत की चार नाइटचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत. काही करायचं असताना माणूस ज्या चार तऱ्हांनी निघतो त्या या: उसळून, समजावत, झेपावून, थांबून. आपला आजचा घोडा कोणता, एवढंच स्वतःला विचारायचं.

मग राजा-राणी शेजारी ठेवा

एकाच घराण्याचे राजा आणि राणी जोडीनं पाहिले की फरक पटकन उमगतो. सर्वांत बोलकी जोडी कप्सची आहे. क्वीन ऑफ कप्स किनाऱ्यावर बसलीय, सिंहासनावर लहान जलबालकं कोरलेली. तिच्या हातातला कप संपूर्ण डेकमधला सर्वांत नक्षीदार, आणि तो झाकलेला आहे. आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ती मात्र टक लावून त्याच्याचकडे बघतेय. आता किंग. त्याचं सिंहासन थेट खवळलेल्या समुद्रात, एका दगडी चौथऱ्यावर. एका बाजूला जहाज, दुसरीकडे उसळणारा मासा, गळ्यातही मासाच. कप हातात आहे, पण नजर कपाकडे नाही.

म्हणजे दोघांकडेही भावना आहे. ती भावनेत उतरून बसते, तो भावनेच्या मधोमध राहूनही नजर बाहेर ठेवतो. यातलं एक चांगलं आणि एक वाईट, असं काही नाही. दवाखान्यात आजारी आईच्या उशाशी बसणाऱ्याला राणीची गरज असते, आणि बाहेर डॉक्टरांशी बोलून कागदांवर सह्या करणाऱ्याला राजाची. अनेकदा दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात, आणि तो माणूस स्त्री आहे की पुरुष याचा इथे काहीही संबंध नाही.

बाकीच्या तीन जोड्या थोडक्यात:

- स्वोर्ड्स: सिंहासनावर फुलपाखरं, मागे ढग. राजा आपल्याकडे तोंड करून बसलाय, तलवार किंचित कललेली, निर्णय देणारा. राणी एका बाजूला तोंड करून, तलवार अगदी सरळ उभी, पण डावा हात पुढे केलेला. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.
- वाँड्स: राणीच्या एका हातात सूर्यफूल, पायाशी काळी मांजर. सभा जिंकणारी, पण मांजरीसारखं स्वतःचं काही राखून ठेवणारी. राजाच्या सिंहासनावर सिंह आणि सॅलमँडर. दुसऱ्यांना कामाला लावणारा.
- पेंटॅकल्स: राजाच्या वस्त्रावर द्राक्षांचे घड, सिंहासनावर बैलांची मुंडकी, मागे वाडा. झग्याखालून चिलखत घातलेला पाय डोकावतो, तो चुकवू नका. हे वैभव बसून मिळालेलं नाही. राणी फुलांच्या मांडवाखाली, नाणं मांडीवर, कोपऱ्यात ससा.

पेज चौघेही उभे आहेत आणि चौघांचंही लक्ष एखाद्या नव्या गोष्टीवर आहे. वाँड्सचा पेज काठीच्या टोकाकडे मान वर करून बघतो. पेंटॅकल्सचा नाणं डोळ्यांसमोर धरतो. स्वोर्ड्सचा दोन्ही हातांत तलवार धरून, मान वळवून कानोसा घेतो. कप्सच्या पेजच्या कपातून मासा डोकं वर काढतो आणि तो दचकत नाही, त्याच्याशी बोलत असल्यासारखा उभा राहतो. ही शिकण्याची, विचारण्याची अवस्था आहे. साठीत पहिल्यांदा संगणक शिकणारी आजीसुद्धा पेजच.

माणूस, वागणं की बातमी?

प्रत्यक्ष मांडणीत कोर्ट कार्ड आलं की या क्रमानं जा:

१. तुमचा प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचा. ‘मी काय करू?’ असा असेल तर पत्ता आधी तुमच्याबद्दल घ्या. ‘त्याला काय वाटतं?’ असा असेल तर प्रश्नच बदला. जो माणूस समोर नाही त्याच्या मनातलं सांगण्याचा पत्त्यांना अधिकार नाही आणि तुम्हालाही नाही.

२. चित्रातला माणूस काय करतोय, ते एका क्रियापदात सांगा. बघतोय, थांबलाय, उगारतोय, देऊ करतोय. विशेषणं नंतर.

३. ते वागणं तुमच्यात जास्त झालंय की कमी पडतंय, ते ठरवा. एकाच पत्त्याचे दोन टोकांचे अर्थ पुस्तकात मिळतात, त्याचं कारण हेच. नाइट ऑफ स्वोर्ड्स एकाला ‘घाई आवर’ म्हणतो, दुसऱ्याला ‘आता बोलून टाक’.

४. प्रसंगात खरोखरच दुसरी व्यक्ती गुंतलेली असेल, तरच माणूस शोधा. घराच्या व्यवहारातला दलाल, लग्नाच्या बोलणीतला मामा, कंपनीतला वरिष्ठ, अशी ठळक भूमिका असलेलाच. आणि त्याला पत्ता चिकटवू नका. ‘तो या प्रसंगात असा वागतोय, असं मला वाटतंय’ एवढंच म्हणा.

५. पेज आला आणि काहीच जुळलं नाही, तर बातमी, पत्र, निकाल, नवीन अभ्यास असा अर्थ घेण्याची पद्धत आहे. ती शेवटची वाट म्हणून ठेवा.

पत्ता उलटा आला तर? नवशिक्यांना माझा सल्ला, पहिलं वर्षभर उलटे पत्ते सुलटे करूनच वाचा. तिसऱ्या पायरीत जास्त-कमीचा विचार होतोच. उलटी राणी म्हणजे ‘वाईट बाई’ हे तर डोक्यातून कायमचं काढून टाका.

रंग, वय, लग्न यांवरून माणूस ओळखण्याचा सापळा

‘सावळी बाई’, ‘गोरा पुरुष’ ही भाषा आली कुठून? जुन्या युरोपातल्या पत्ते पाहणाऱ्यांनी प्रत्येक दरबाऱ्याला केसांचा आणि वर्णाचा रंग ठरवून दिला होता. वेट यांनीही आपल्या पुस्तकात ती वर्णनं बरीचशी तशीच ठेवली: वाँड्सचे राजा-राणी काळेसावळे, कप्सचे गोरे. क्वीन ऑफ स्वोर्ड्सला त्यांनी वैधव्य, दुःख, वांझपण असे अर्थ जोडले. स्मिथ यांच्या चित्रात यातलं काय दिसतं? हात पुढे करून बसलेली, स्पष्ट नजरेची एक बाई.

शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या कल्पना आज आपल्या घरात आणून एखाद्या विधवेला, एकटीनं राहणाऱ्या बाईला किंवा मूल नसलेल्या सुनेला ‘तलवारीची राणी’ ठरवणं हा अन्याय आहे. आपल्या समाजात अशा बायकांना मंगलकार्यात मागे ठेवण्याची रीत आधीच आहे. तिला पत्त्यांचा आधार देऊ नका. तुमच्या पुस्तकात असा अर्थ छापलेला असेल तर पेन्सिलीनं खोडा.

एक मांडणी, सावकाश

समजा, बरगीतल्या एका वाचकानं विचारलं: ‘वडिलांच्या पश्चात जमिनीच्या वाटणीबद्दल भावाशी कसं बोलू?’ तीन पत्ते निघाले: फाइव्ह ऑफ वाँड्स, क्वीन ऑफ स्वोर्ड्स, सिक्स ऑफ पेंटॅकल्स.

पहिल्यात पाच तरुण काठ्या घेऊन एकमेकांत गुंतलेत. कुणी जखमी नाही, पण कोण कुणाशी भांडतोय ते कळत नाही. घरातली सध्याची अवस्था ही, सगळे एकदम बोलताहेत. तिसऱ्यात एक व्यापारी हातात तराजू धरून नाणी वाटतोय. म्हणजे मोजून-मापून वाटप.

मधली राणी कोण? मोह होतो तो असा: ‘म्हणजे वहिनीच आडवी येतेय.’ इथेच थांबा. प्रश्न ‘मी कसं बोलू’ असा आहे, म्हणून राणी आधी विचारणाऱ्याचीच. आता चित्रातले दोन हात पाहा. उजव्या हातात तलवार सरळ उभी. ती कुणावर रोखलेली नाही आणि म्यानातही नाही. डावा हात मोकळा, पुढे केलेला. मुद्दा स्पष्ट मांडायचा आणि समोरच्याला बोलायला जागाही द्यायची. ढग खाली राहिलेत, तिचं डोकं मोकळ्या आकाशात आहे. म्हणजे जुनी उणीदुणी या बैठकीत काढायची नाहीत.

यावरून निघणारी कामं अगदी साधी. खसरा आणि खतौनी या जमिनीच्या नोंदींच्या ताज्या नकला काढून ठेवा, मुद्दे एका कागदावर लिहा, बैठक सणाच्या दिवशी ठेवू नका, आणि आधी भावाला बोलू द्या. पत्त्यांनी यातलं काहीही वर्तवलेलं नाही. घोळक्यातून बाजूला येऊन विचार करायला एक चित्र मिळालं, इतकंच. कायदेशीर हिस्सा किती, हे मात्र वकिलालाच विचारायचं.

गंजिफेचे राजा आणि प्रधान

मराठी वाचकाला दरबारी पत्त्यांची जाण यावी म्हणून मी आवर्जून सुचवतो ती सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. टॅरोचा परकेपणा कमी करायला याइतकं चांगलं साधन आपल्याकडे दुसरं नाही.

दशावतारी संच १२० गोल पत्त्यांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते: एक ते दहा, वर प्रधान आणि त्याच्यावर राजा. दरबारी फक्त दोन, राणी नाही. राजा म्हणजे खुद्द तो अवतार, बहुधा आसनस्थ. प्रधान बहुधा घोड्यावर. खालच्या पत्त्यांवर अवताराची खूण: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. सावंतवाडीचे चितारी हे पत्ते हातानं रंगवून लाखेचं रोगण देत. कला मागे पडत चालली असताना १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली. आजही राजवाड्यात कारागीर हे काम करतात.

टॅरोच्या दरबाराशी याचं नातं आहे. युरोपात पत्ते पोचले त्याआधी इजिप्तच्या मामलूक राजवटीत ते खेळले जात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेल्या मामलूक संचात प्रत्येक रंगाला राजा, नायब आणि दुय्यम नायब असे तीन दरबारी आहेत. राणी तिथेही नाही, ती युरोपात आल्यावर मिळाली. गंजिफा मुघलांबरोबर आपल्याकडे रुजली; बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफेचे पत्ते पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. राजा आणि त्याचा कारभारी ही जोडी दोन्हीकडे मूळचीच.

सरावासाठी असं करा:

- गंजिफेतला एखादा राजा आणि त्याचाच प्रधान शेजारी ठेवा. एक बसलेला, एक निघालेला. मग टॅरोतला त्याच घराण्याचा किंग आणि नाइट असेच ठेवा. ज्याचा शब्द चालतो तो आणि जो शब्द घेऊन जातो तो, हा फरक दोन्हीकडे सारखा लागू पडतो.
- रामाचा राजा आणि परशुरामाचा राजा समोरासमोर ठेवा. हुद्दा एक, पण स्वभाव किती निराळे, हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. किंग ऑफ कप्स आणि किंग ऑफ स्वोर्ड्स यांतलं अंतर याच वाटेनं कळतं.
- खेळाचा एक नियम लक्षात घ्या. मत्स्यापासून वामनापर्यंत पाच रंगांत दहाचा पत्ता प्रधानाच्या खालोखाल बलवान. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलट, तिथे एक्का बलवान आणि दहा सर्वांत हलका. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. राजा-प्रधान तेच राहतात, पण त्यांच्या हाताखालची माणसं आणि वेळ बदलली की डाव बदलतो. टॅरोत कोर्ट कार्ड वाचताना शेजारचे आकड्यांचे पत्ते सोडू नयेत, ते याचसाठी.

गंजिफा हा खेळ आहे, तिच्यावरून भविष्य पाहू नका. टॅरोसुद्धा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणूनच जन्माला आला. भविष्यासाठी त्याचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फोफावला. फ्रान्समध्ये ७८ पत्त्यांचा टॅरो आजही चौघं बसून खेळतात. विकत घेताना चौकशी करा: बारीक कामाचे महाग पत्ते म्हणजे दरबार कलम, साधे स्वस्त ते बाजार कलम. सरावाला बाजार कलम पुरेसे.

पैसे देऊन रीडिंग घेत असाल तर

आधी हे विचारून घ्या, शक्यतो मेसेजवर, म्हणजे नोंद राहते:

- किती मिनिटांचं सत्र, किती रुपये, रद्द केल्यास परतावा काय?
- तुमचं नाव, फोटो, आवाज किंवा प्रश्न समाजमाध्यमांवर टाकला जाणार नाही ना?
- रीडिंगनंतर पूजा, रत्न, ताईत, ‘एनर्जी क्लिअरिंग’ यांसाठी वेगळे पैसे मागितले जातात का?

रीडर कोर्ट कार्ड दाखवून घरातल्या कुणाचं नाव सुचवू लागला, ‘या बाईनं तुमच्यावर काही केलंय’ म्हणाला आणि पाठोपाठ उपायाची किंमत सांगितली, तर सत्र तिथेच संपवा. तसं करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भिडेपोटी बसून राहू नका. आजार बरा करण्याचा दावा ऐकलात तर उठायला एक क्षणही लावू नका. ताईत-मंत्रांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंधनं घातलेली आहेत आणि तो देशभर लागू आहे.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा फक्त महाराष्ट्रात चालतो. टॅरो वाचणं हा त्याखाली गुन्हा नाही. त्याच्या अनुसूचीत दिलेली कृत्यं गुन्हा आहेत. बरगी किंवा जबलपूरला राहणाऱ्यांना या कायद्याचा आधार घेता येणार नाही. त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, वाटा अशा:

- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९: पैसे घेऊन सत्र दिलं नाही, कबूल केलेला परतावा नाकारला, ठरल्यापेक्षा जास्त उकळले, या तक्रारी पक्क्या. नुसतं ‘भाकीत खोटं ठरलं’ यावर दाद मिळेल अशी आशा धरू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यातून सुटलं नाही तर जिल्हा आयोगाकडे जा. रीडर मुंबईत असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बरगीच्या वाचकाला जबलपूरचा जिल्हा आयोग चालतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.
- ऑनलाइन फसवणूक: पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.
- धमकी किंवा फसवणूक: ‘उपाय केला नाही तर नवऱ्याच्या जिवाला धोका’ असं सांगून पैसे काढले असतील तर पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि धमकावून पैसे उकळण्यासाठी कलम ३०८ आहे.
- मन फार खचलं असेल: टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो. आठवड्यातून तीन-चारदा रीडिंग घ्यावंसं वाटू लागलं, पत्ते काढल्याशिवाय साधा निर्णयही होईना, तर पुढचा पत्ता काढण्याआधी हा फोन करा.

तक्रारीसाठी यूपीआयच्या पावत्या, मेसेजचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो आणि सत्राची तारीख-वेळ एकत्र ठेवा. रीडरनं खातं बंद केलं की चॅट दिसेनासं होतं, म्हणून स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.